अवधूत इंगोलेची काळी पाटी

कॉम्प्युटरचा माणूस कसा दिसतो हे सिनेमावाल्यांनी एकदा ठरवून टाकलंय, आणि ते आता ब्रह्मदेव खाली उतरला तरी बदलायचं नाही. खोलीत अंधार. अंगात टोपीचं जाकीट, मग बाहेर कितीही उकडत असो. समोर चार-पाच पडदे आणि त्यांवर धो धो वाहणारी हिरवी अक्षरं. नायक घाईघाईनं येतो, म्हणतो, अमक्याचा ठावठिकाणा काढ. हा आधी साफ नाही म्हणतो. मग बोटं मोडतो. मग टकटक टकटक. घड्याळ उलटं पळतं, पट्टी भरत जाते, आणि अगदी शेवटच्या क्षणाला हा खुर्चीत मागे रेलतो. झालं काम! या माणसाला आई नसते, बायको नसते, लाइटबिल नसतं. माउसला तर तो कधी हातच लावत नाही.

अमरावतीत गाडगेनगरच्या एका गल्लीत अवधूत इंगोलेचं दुकान होतं, तिथे अंधार व्हायचा तो फक्त लाइन गेल्यावर. अवधूत हा चाळिशीकडे झुकलेला, किंचित पोट सुटलेला, बनियनवर हाफ शर्ट घालणारा गृहस्थ. मूळचा चांदूर रेल्वेचा, शिकला अकोल्याला, बायकोही अकोल्याचीच केली, आणि पोटापाण्याला अमरावतीत येऊन बसला. त्याचं काम म्हणजे खरं तर साफसफाईचं. कॉम्प्युटरचे डब्बे उघडायचे, ब्लोअरनं धूळ उडवायची, आतून कधी पालीची अंडी निघायची, कधी अख्खं झुरळांचं कुटुंब. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमट्यानं ओढायचा. कोणाचा लॅपटॉप हळू चालतो, कोणाच्या पोरानं त्यावर चहा सांडला. संध्याकाळपर्यंत नाकात इतकी धूळ जायची की घरी गेल्यावर बायको आधी नाक धुवायला लावायची.

पण गल्लीत त्याला अवधूत कोणी म्हणत नसे. हॅकरभौ म्हणत.

हे नाव पडलं त्याला कारण होतं. दुकान नवं असताना एका वकिलाचा कॉम्प्युटर आला. सुरू होईना. अवधूतनं झाकण उघडलं, मेमरीची पट्टी उपसली, शाळकरी पोरांच्या खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले आणि परत बसवली. मशीन सुरू. वकीलसाहेबांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा चेहराच पडला. "एवढंच?" म्हणाले. "खोडरबर तं आमच्या घरी बी हाय." आणि असे बघत गेले, जणू अवधूतनं त्यांच्या खिशात हात घातला होता.

त्या दिवशी अवधूतला एक गोष्ट कळली. गिऱ्हाइकाला नुसतं काम नको असतं, काम होताना दिसायला हवं असतं. मग त्यानं एक युक्ती काढली. कॉम्प्युटरमध्ये एक काळी खिडकी उघडते. तिच्यात एक साधी आज्ञा दिली की मशीनमध्ये जेवढ्या फायली आहेत त्यांची नावं एकाखाली एक धावू लागतात, शेवटपर्यंत. त्या अक्षरांना त्यानं हिरवा रंग देऊन ठेवला. याला तो म्हणायचा काळी पाटी. खोडरबरानं दात घासून झाले की पाटी लावायची, कपाळाला आठी घालायची, मध्येच एखादं बटण दाबायचं. गिऱ्हाईक चिडीचूप. कोणी घासाघीस करत नसे, कोणी 'एवढंच?' म्हणत नसे. उलट जाताना दोन पायऱ्या मागे मागे उतरायचे, देवळातून निघाल्यासारखे.

खोटं त्यात एवढंच होतं, की ती अक्षरं काहीच करत नव्हती.

"तुमी तं अंगात आल्यावानी करता," त्याची बायको प्रणाली म्हणायची. "एखांद्या दिवशी कोणी नारळ आणून ठेवन समोर."

"गिऱ्हाइकाले तेच लागते, त्याले मी काय करू?" अवधूत म्हणायचा. आणि हे काही खोटं नव्हतं. लोकांनी आधीच सिनेमात पाहून ठेवलं होतं, अवधूतनं फक्त तिकिटाचा मान राखला.

कोचिंग क्लासची पोट्टी तर त्याच्या मागे हात धुऊन लागायची. भौ, एका पोरीच्या अकाउंटचा पासवर्ड पायजे. भौ, युनिव्हर्सिटीचा निकाल आतून पाहून द्या ना. तो सांगायचा, बाबूहो, मले हे येत नाई, मी प्रिंटर दुरुस्त करतो. पोट्टी एकमेकांकडे बघून हसायची. कारण सिनेमातला माणूसही आधी नाहीच म्हणतो. अवधूतचा नकार म्हणजे त्यांच्या लेखी पहिला सीन. खरं बोलायला जागाच उरली नव्हती त्या माणसाला, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. हॅकरभौ म्हटलं की छाती जरा पुढे यायचीच.

दुकानासमोर एक लोखंडी बाक होता. त्यावर रोज सकाळी नत्थुजी गावंडे येऊन बसायचे. नत्थुजी म्हणजे दुकानामागच्या घरातल्या किशोरचे वडील. सारा जन्म अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग बंद पडून जमाना झाला, किशोरला अमरावतीत नोकरी लागली, तेव्हा त्यानं आईबापाला आपल्याकडे आणलं. पंचाहत्तरी उलटल्यावर नत्थुजींच्या डोक्यातले धागे सुटू लागले. नातवंडांची नावं गेली, जेवल्याचं गेलं, पण जिनिंगचा भोंगा मात्र राहिला. घरी ते तसं काही बोलले की किशोर वैतागायचा. "बाबा, जिनिंग खतम झाली आता, किती डाव सांगू?" म्हणून म्हाताऱ्यानं घरी बोलणंच सोडलं. बोलायचे ते अवधूतशी, कारण अवधूत वाद घालत नसे.

"अकोल्याची गाडी केव्हा हाय बावा?"

"हाय ना नत्थुजी, लागतच असन," अवधूत डब्ब्यातून मान वर न काढता म्हणायचा.

"भोंगा व्हाच्या आंधी गेटवर पायजे. मंग साहेब आत घेत नाई."

"हो नत्थुजी."

रोज हेच. दुकानातला पंखा जसा ऐकू येत नाही तसं अवधूतला हे ऐकू येईनासं झालं होतं.

नवतपा लागला होता, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस. नवतप्यात वऱ्हाडात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि शहाणा माणूस डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय दारात येत नाही. अशा दुपारी किशोर धावत दुकानात आला, आणि मागोमाग त्याची आई मनकर्णाबाई, अनवाणी, डांबर तापलेलं असताना अनवाणी.

"अवधूतभौ, बाबा इकडं आले का?"

सकाळी बाकावर होते. नंतर घरी जेवले. सगळे जरा आडवे झाले, आणि उठून पाहतात तर दार उघडं. किशोर मारुतीचं देऊळ, किराणा दुकान, दवाखाना, सगळं पालथं घालून आला होता. म्हाताऱ्याच्या खिशात एक साधा बटनांचा फोन असायचा. तो वाजत होता, पण कोणी उचलत नव्हतं.

"किशोर, सिद्धा पोलीस स्टेशनले जा," अवधूत म्हणाला. "फोन चालू हाय तोवर कंपनी जागा सांगू शकते. पण पोलिसाइलेच सांगते, आपल्याले नाई."

हे त्यानं सांगितलं. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढं ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही.

किशोर घुटमळला. पोलीस म्हटलं की गल्लीभर चर्चा, म्हाताऱ्याला घरात नीट सांभाळत नसतील म्हणून पळाला, सून काही बोलली असेल. आणि तेवढ्यात मनकर्णाबाईनं अवधूतचा हात धरला. बाई अक्षरशत्रू, पण दुपारच्या सिनेमांची भारी शौकीन. हाणामारीचे, डब केलेले, कुठलेही चालायचे.

"तू काढ बाबू पत्ता," ती म्हणाली. "तुह्यापाशी मशीन हाय. त्या सिनेमात तो पोट्टा काढते ना, दोन मिनटात."

"काकू, तसं नसते होत. सिनेमात ते..."

"तुले येते. माह्या डोयानं पाह्यलं म्या, तू त्या मास्तरचं मशीन करून राह्यला होता तवा. हिरवे हिरवे अक्षरं धावत होते."

दारात माणसं जमली होती. क्लासची पोट्टी, शेजारच्या झेरॉक्सवाल्या दुर्गाबाई, दोघं ऑटोवाले. कोणीतरी म्हणालं, हॅकरभौ, आता तं मनावर घ्या. आता भाव खाऊ नका. मनकर्णाबाईनं अवधूतचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

अवधूतच्या बरोबर शिकलेला एक मित्र मोबाइल कंपनीत होता. त्याला फोन लावावा, काही जुगाड होतं का पाहावं, आणि तोवर या बाईला धीर द्यावा, एवढाच त्याचा विचार. वाईट विचार नव्हता तो. "बसा काकू," म्हणाला, आणि त्यानं काळी पाटी लावली.

हिरवी अक्षरं धावू लागली आणि दुकान एकदम शांत झालं. मनकर्णाबाईनं पदर डोक्यावर घेतला. किशोर, ज्याला मघाशी एका जागी उभं राहवत नव्हतं, तो स्टुलावर टेकला. ऑटोवाले दोघं बडनेरा रोडनं एक चक्कर मारून येतो म्हणत होते, ते थांबले. कशाला उन्हात फिरायचं? भौ काढूनच राहिला ना. एक पाटी संपली की अवधूत दुसरी लावायचा, आणि टेबलाखाली दुसऱ्या हातानं मित्राचा नंबर फिरवायचा. मित्र उचलत नव्हता.

"अकोल्याले तं नसन गेला?" मनकर्णाबाई मध्येच पुटपुटली.

"आई, त्याले राजकमल चौकात जाता येत नाई आता, अकोल्याले काय जाईन?" किशोर म्हणाला. "थांब ना. दाखवते आता."

अवधूतनं ते ऐकलं. अकोल्याची गाडी केव्हा हाय बावा, हे त्याच्या मनात आलंही. तो तोंड उघडणार तोच मित्राचा फोन आला आणि तो विचार तिथेच राहिला. मित्रानं दोन वाक्यांत सांगितलं, पोलिसांचं पत्र असल्याशिवाय मी काय, माझा साहेबसुद्धा काही सांगू शकत नाही. अवधूतनं फोन ठेवला. आता उठून सांगायला हवं होतं की बाबांनो, हे सगळं नाटक आहे. पण एवढी माणसं त्या पाटीकडे इतक्या विश्वासानं बघत होती, की त्याची जीभ उचलेना. त्याला वाटलं, ही पाटी संपली की सांगू. मग वाटलं, पुढची संपली की.

किशोरच शेवटी उठला. त्यानं पुन्हा बापाचा नंबर लावला, तर फोन बंद लागला. उन्हं कलली होती. "आई, चाल पोलिसात," म्हणाला.

"थांब रे, ते धावून राह्यले ना अजून," ती म्हणाली. त्यानं तिला दंडाला धरून उठवलं. ती मागे वळून वळून पाटीकडे पाहत गेली.

पोलिसांनी तक्रार घेतली, पत्रही पाठवलं. दुपारीच आले असते तर फोन चालू होता, असं तिथला हवालदार म्हणाला, पण म्हणाला ते हळूच. सकाळी कंपनीकडून कळलं. फोन शेवटचा चालू होता तो अकोल्याला.

पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट. आधार कार्ड तर नत्थुजींच्या खिशात कायमच असे. अकोल्याची गाडी कोणीतरी दाखवली असेल, आणि जन्मभराचा रस्ता पायांना पाठ होता. जिनिंगच्या जागेवर आता नुसतं पत्र्याचं कुंपण होतं, आत काही नाही, पण जुनं लोखंडी गेट कोणी काढलं नव्हतं. नत्थुजी त्या गेटला टेकून बसले होते. समोर रसवंती चालवणाऱ्या गंगूबाईनं किशोरला सांगितलं, "म्या पाणी देल्लं त्याइले. म्हतलं, सावलीत या. तं म्हने, भोंगा झाला अन् म्या इथी नसलो तं साहेब आत घेत नाई. दिवस बुडेपर्यंत बोलत होते. मले वाटलं, कोणी नेवाले येनार असन."

कोणी आलं नाही. सकाळी गंगूबाईला ते तसेच, गेटलाच टेकलेले दिसले. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला.

प्रणालीला हे सगळं कळलं तेव्हा ती कणिक मळत होती. तिचा भाऊ अकोल्यात, त्या गेटपासून मोटरसायकलनं पाच मिनिटांच्या अंतरावर राहायचा. "माह्या भावाले एक फोन..." एवढंच म्हणाली आणि पुन्हा कणिक मळू लागली. नंतर या विषयावर ती कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अवधूतनं त्यानंतर पाटी लावली नाही. गिऱ्हाइकाला तो काय झालंय ते तोंडानं सांगू लागला, खोडरबर समोर ठेवू लागला. गिऱ्हाईक कमी झालं. हॅकरभौचा हात गेला, असं पोट्टी म्हणू लागली. तो रात्री नीट झोपत नसे, आणि समोरचा बाक त्याला बघवत नसे, पण उचलून नेववतही नसे.

तेरवी होऊन गेली. मग एक दिवस मनकर्णाबाई आली आणि त्याच बाकावर बसली. वाळून गेली होती. अवधूत पाणी घेऊन बाहेर आला.

"किशोरसंग मी बोलत नाई," पाणी न पिताच ती म्हणाली. "त्याच्या हातचं घेत बी नाई काही."

"काहून काकू?"

"तू काढून राह्यला होता ना बाबू पत्ता. त्यानं उठवलं मले मधातून. अजून जरासा दम धरला असता तं तुह्या मशीननं अकोला दाखवलं असतं. म्या तं म्हतलंच होतं अकोला. त्यानं माहा माणूस मारला."

अवधूत तिथेच पायरीवर बसला. आजवर त्याला वाटत होतं की यापेक्षा वाईट आता काही उरलं नाही. हातातला पेला त्यानं खाली ठेवला आणि जे त्या दुपारी सांगायचं होतं ते सांगितलं. सगळं. की ती अक्षरं कोणालाच शोधत नव्हती. की ती नुसती त्या डब्ब्यातल्या फायलींची नावं होती. की गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून ते सोंग तो कित्येक वर्षं करत आला. की किशोरनं उठवलं ते बरोबर केलं, आणि आधीच उठवायला हवं होतं. "चूक माही हाय काकू. किशोरची नाई. तुमी मले शिव्या द्या."

मनकर्णाबाईचा चेहरा मऊ झाला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"किशोरनं पाठोलं ना तुले? त्याच्यासाठी खोटं बोलून राह्यला तू. पयलेपासून तसाच हाय. येते तरी येत नाई म्हनतो."

"नाई हो काकू, शप्पथ!"

बोलून भागेना तेव्हा तो उठला. तिला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, पडदा तिच्याकडे वळवला. तिच्या डोळ्यांसमोर सोंग उघडं पाडलं की मग तरी पटेल. "हे पाहा," म्हणाला. "आज कोणी हरवलं नाई. कोणाले शोधाचं नाई. तरी पाहा कसे धावतात." आणि त्यानं पाटी लावली.

हिरवी अक्षरं धावू लागली. मनकर्णाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. अवधूत बाजूला उभा राहून सांगत होता, हे बिलाचं नाव, हे फोटोचं, हे गाण्याचं, काही अर्थ नाही याला. ती ऐकत नव्हती. तिचे ओठ हलत होते. आज मध्येच उठवायला कोणी नव्हतं, दुसरी पाटी लावायला अवधूतला कारण नव्हतं. फायली संपल्या आणि अक्षरं आपोआप थांबली.

"थांबलं," मनकर्णाबाई म्हणाली.

तिनं एक मोठा श्वास सोडला. पदरानं डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर खात्री दिसत होती.

"भेटला मशीनले. आता तं तो एकाच जागी हाय ना, म्हनून लौकर भेटला." ती उठली. "पाह्यलं? एवढासाच टाइम लागत होता. एवढासाही दम धरला नाई किशोरनं. आता जाऊन सांगतो त्याले, म्या माह्या डोयानं पाह्यलं म्हनून."

"काकू..."

"तुहा काही दोष नाई बाबू," ती म्हणाली, आणि दोन पायऱ्या मागे मागे उतरून घराकडे गेली.